हार्डवेअरपाशी अडकलेली पट्टी

बीडमधल्या जुन्या कॉम्प्युटरच्या एका दुकानदाराने मला फसवलं. माल कमी देऊन नाही, जास्त देऊन. तो मात्र उलटं सांगत फिरतो की केजच्या टायपिंगवाल्या सरांनी मला भावात पिळलं आणि वर माझ्याच दुकानात येऊन तमाशा केला. भावात पिळलं हे खरं आहे. ते माझं कामच होतं. पण पिळणं वेगळं आणि फसवणं वेगळं, आणि हे त्याला चांगलं कळतं, कारण तोही माझ्यासारखाच मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातला आहे. तो चौसाळ्याकडचा, मी केजकडचा. एवढाच काय तो फरक.

केजला बाजाराच्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानावर माझा क्लास आहे. भाड्याने आणलेल्या टाइपरायटरवर आधी मी स्वतः शिकलो, मग त्यावरच दुसऱ्यांना शिकवलं. पुढे टायपिंगची परीक्षा कॉम्प्युटरवर गेली, तेव्हा टाइपरायटर भंगारात घातले आणि कॉम्प्युटर आणले. या सगळ्यात मला कुणी एक खुर्चीसुद्धा दिलेली नाही. जे आणलं ते घासाघीस करून आणलं. लोक मला चिकट म्हणतात, तापट म्हणतात. म्हणोत.

क्लासला मुली जास्त. आसपासच्या वाड्यांवरून जीपमध्ये दाटीवाटीने बसून येतात, तासभर बोटं चालवतात आणि परतीच्या जीपसाठी पळत सुटतात. शिकायला घरचे पाठवतात, कारण केज म्हणजे उंबऱ्यातलं गाव. परीक्षेचं केंद्र मात्र बीडला. वेळ कधी सकाळची पहिली, कधी संध्याकाळची शेवटची. सोबत बाप नाहीतर भाऊ लागतो, त्याचं त्या दिवसाचं काम बुडतं, आणि मग घरात ठरतं की शिकली तेवढं बास झालं. माझ्याहून वेगाने टाइप करणाऱ्या मुली प्रमाणपत्राशिवाय लग्न होऊन गेलेल्या मी पाहिल्या आहेत. केंद्र केजला आलं असतं तर हे थांबलं असतं. माझ्या क्लासची गर्दीही वाढली असती, ते मी लपवत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

केंद्रासाठी मी पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा तपासणीला आलेल्या साहेबांनी खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं, "विंडोजचं लायसन दाखवा." लायसन कुठलं? आमच्या सगळ्या कॉम्प्युटरवर चोरीची विंडोज होती, जशी तालुक्यात सगळीकडे असते. साहेबांनी चहासुद्धा घेतला नाही. जाताना जिन्यात म्हणाले, "विंडोजच्या जागी लिनक्स टाका. फुकट असतं, आणि कायद्यात बसतं."

फुकट म्हटल्यावर मला आधी संशय आला. ज्या वस्तूला भावच नाही तिचा भाव पाडणार कसा, आणि भाव पाडता येत नसेल तर आपण जिंकलो की हरलो हे कळणार कसं? पण पुण्याला कंपनीत असलेल्या माझ्या भाच्याने फोनवर समजावलं की जगभर लोक वापरतात, बिनधास्त टाका. जुने कॉम्प्युटर अगदीच थकले होते. म्हणून ठरवलं की मशीनं बीडहून वापरलेली पण बऱ्यातली घ्यायची आणि त्यांवर लिनक्स टाकायचं. दुसऱ्या तपासणीची तारीख आली होती. घाई होती, पण घाई दुकानदाराला दिसू द्यायची नसते.

बायकोला सोबत नेलं. क्लासमधल्या नव्या मुलींना तीच शिकवते, आणि मशीनला हात तिचाच जास्त लागतो. दुकानात विंडोज चालू करून एकेक कॉम्प्युटर दाखवला गेला. मी प्रत्येकाच्या मागच्या जाळीवर हात ठेवून वारा किती गरम येतो ते पाहिलं, पंख्याचा आवाज ऐकला, वास घेतला. दुकानदार हसत बघत होता.

"सर, जनावर घ्यायलाव का कॉम्प्युटर?"

"दोन्ही एकाच पद्धतीनं घेतात," मी म्हणालो.

दुपार कलेपर्यंत भाव चालला. मी दोनदा उठून पायऱ्या उतरलो आणि दोनदा त्याने हाक मारून परत बोलावलं. गॅरंटी तो महिन्याची देत होता, ती मी सहा महिन्यांवर नेली. हात मिळवले. आणि मग मी जे मागतो ते मागितलं. आमच्याकडे मेंढरांचा कळप घेतला की शेवटी एक कोकरू वर मागायचं असतं. विकणारा कुरकुरतो, शपथा घेतो, आणि मग कळपातलं सगळ्यात बारकं, एखादं लंगडं कोकरू ओढून पुढे करतो. ते घेतल्याशिवाय सौदा झाला असं कुणी मानत नाही. मी म्हणालो, "शेठ, वर काय?"

त्याने ते बरोबर ओळखलं. "तुमी बी तसलेच," म्हणाला आणि आतून एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आला. त्यात हिरवी कार्डं होती, एकावर एक, भाकरीच्या चवडीसारखी. "टीव्हीचं कार्ड हाय. हे बसवलं की कॉम्प्युटरवर टीव्ही दिसतो. केबल लावा, मॅच बघा. प्रत्येकात एक घालून देतो."

बायको हळूच म्हणाली, "पोरींला टीव्ही कशाला?"

"फुकट देतोय."

"म्हणून तर इचारलं."

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. दुकानातल्या माणसाने प्रत्येक डबा उघडला, कार्ड बसवलं, डबा बंद केला, विंडोज पुन्हा एकदा चालू करून दाखवली आणि स्क्रूवर चमकणारा कागदी शिक्का चिकटवला. "हे सील," दुकानदार म्हणाला. "हे तुटलं की गॅरंटी संपली. कुणाला उघडू देऊ नका." निघताना मला ऑफिसच्या टेबलासाठी आणखी एक मशीन घ्यायचं सुचलं. सौदा मिटलेला होता, पुन्हा वरचं मागायला तोंड नव्हतं. ते मशीन तसंच, बिनकार्डाचं आलं. सील मात्र त्यालाही होतं.

पहिल्या दिवशी सकाळी मी ऑफिसचं मशीन आधी घेतलं. भाच्याने सांगितल्याप्रमाणे पेन ड्राइव्ह लावला, भाषा मराठी निवडली आणि काय आश्चर्य, कॉम्प्युटर माझ्याशी मराठीत बोलायला लागला. कीबोर्ड विचारला, नाव विचारलं, हार्डवेअर शोधत आहे म्हणाला, शोधून मोकळा झाला आणि चहा पिऊन येईपर्यंत काम संपलेलं होतं. मी खूश झालो. बाकीची मशीनं दुपारपर्यंत उरकू असं बायकोला सांगितलं.

दुसरं मशीन घेतलं. भाषा, कीबोर्ड, सगळं ठीक. "हार्डवेअर शोधत आहे" असं आलं, निळ्या पडद्यावर पट्टी थोडी सरकली आणि थांबली. मी थांबलो. पट्टी तिथेच. माउस हलवला, हलेना. कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा लावून पाहिला, लागेना. म्हणजे नुसतं हळू चाललेलं नव्हतं, बसकण मारली होती. बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तिथेच. तिसरं मशीन, तिथेच. चौथं, तिथेच. जणू सगळ्यांनी आपसांत ठरवून घेतलं होतं की या रेषेच्या पुढे पाऊल टाकायचं नाही.

भाच्याला फोन लावला.

"मामा, पेन ड्राइव्ह खराब असेल."

"त्याच पेन ड्राइव्हनं ऑफिसचं झालंय."

"दुसरा लावून तर बघा."

दुसरा आणला. तिसरा आणला. त्याने फाइल पुन्हा उतरवायला सांगितली, उतरवली. फाइल बरोबर उतरली का ते तपासायचा एक आकडा असतो, तोही जुळवून पाहिला, जुळला. मग त्याने सुरू होतानाच्या ओळीत शेवटी इंग्रजी अक्षरं टाकायला सांगितली. विजेच्या कारभाराची तपासणी बंद करायची एक, पडद्याच्या चिपला न छेडण्याची दुसरी, आणखी कशाकशाची तिसरी. मी वहीची पाठ भरून काढली. एकेक अक्षर बघून टाइप करायचं, एंटर मारायचं आणि पट्टीकडे बघत बसायचं. माझ्यासारख्या माणसाला बघत बसणं जमत नाही. समोरचा अडला की आपण आवाज चढवतो, उठून जायचं नाटक करतो, काहीतरी करतो. पट्टीपुढे नाटक चालत नाही. मी खरंच उठून जिना उतरलो होतो एकदा. परत आलो तर पट्टी तिथेच.

माझी मेमरी तपासून झाली, म्हणजे मशीनची. मशीन ज्या पहिल्या निळ्या पानावर उघडतं तिथल्या सेटिंगा बदलून झाल्या. मशीनमधल्या घड्याळाचा सेल बदलावा असंही वाटलं, पण त्यासाठी डबा उघडावा लागला असता. मुली येऊन दारातून डोकावून जायच्या. बायको त्यांना जुन्या थकलेल्या मशीनवर बसवायची. एक धीट मुलगी आत येऊन पडद्याकडे बघत म्हणाली, "सर, काय करायलंय ते?"

"हार्डवेअर शोधायलंय."

"कालपासनं? हरवलंय का?"

बाकीच्या तोंडावर ओढणी धरून हसल्या. मी ओरडलो, आणि ओरडल्यावर त्या आणखी हसल्या, फक्त बाहेर जाऊन.

भाचा शेवटी म्हणाला, "मामा, आता एकच. डबा उघडा, आतली जादाची कार्डं वगैरे काय असतील ती काढा, नुसतं मशीन ठेवा आणि चालवा. चाललं तर एकेक परत लावा. जिथं अडेल तो चोर."

"डबा उघडता येत न्हाई. सील हाय."

"तोडा की."

"सील तोडलं की गॅरंटी गेली. सहा महिन्यांची करून घेतली मी."

"मामा, चालूच होत नाही त्या मशीनची गॅरंटी ठेवून काय करणार हो तुम्ही?"

शहाण्या माणसाला असं बोलणं सोपं असतं. त्याला कंपनी नवं मशीन देते. माझ्याकडे त्या दुकानदाराला धरायला एकच दोरी होती, ती गॅरंटीची. ती माझ्याच हाताने कापायची आणि मग त्याच्यापुढे जाऊन उभं राहायचं कसं? मी सौदेबाजीत वाढलो आहे. हातातला पुरावा आपण होऊन मोडायचा नसतो, एवढं मला कळतं. म्हणून मी सरळ दुकानदारालाच फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं.

"सील तोडू नका सर," तो ताबडतोब म्हणाला. "उद्या माणूस पाठवतो. तो बघंल."

"नक्की?"

"सर, तुमचं काम ते माझं काम."

दुसऱ्या दिवशी माणूस आला नाही. फोन केला तर म्हणे गाडी मांजरसुंब्याला पंक्चर झाली. त्यानंतर म्हणे त्याच्या घरी कार्य आहे. त्यानंतर फोन उचललाच नाही, आणि उचलला तेव्हा आधी माझ्यावरच उखडला, "सर, विंडोजवर तर चालूच होती ना? तुमच्या समोर दाखवली. तुमचं लिनक्सच खराब असंल. फुकटची वस्तू तसलीच राहती."

विंडोजवर सगळी मशीनं चालत होती हे तर खरंच होतं. मी रात्रंदिवस तेच डोक्यात घोळवत होतो. बायको म्हणाली, "ऑफिसच्या मशीनला तेच लिनक्स चालतंय की."

"म्हणजे एक चांगलं दिलं आणि बाकीची सडकी," मी म्हणालो. "टोपलीत वर चांगला आंबा ठेवतात तसं."

"पण ऑफिसचं तर आपण शेवटाला घेतलं. तेनं काय वर ठेवलं?"

मी तिला गप्प केलं. आज वाटतं तिला बोलू दिलं असतं तर बरं झालं असतं, पण त्या वेळी माझं सगळं लक्ष जिन्यातल्या पावलांकडे होतं. बीडचा माणूस आज तरी येईल.

माणूस आला नाही. तपासणी आली.

या वेळचे साहेब वेगळे होते, शांत. ऑफिसच्या मशीनवर बसले, मराठीत दोन ओळी टाइप केल्या, समाधान वाटलं असावं. मग हॉलमध्ये गेले. मुलींना मी नीट ओळीत बसवून ठेवलं होतं, प्रत्येकीसमोर एक मशीन, आणि प्रत्येक मशीनवर तोच निळा पडदा आणि तीच अर्धवट पट्टी. मी आशेवर चालू करून ठेवली होती. एखादं तरी पुढे सरकेल.

साहेब पहिल्या ओळीतून शेवटच्या ओळीपर्यंत गेले आणि परत आले.

"हे काय शोधतंय?"

"हार्डवेअर, साहेब. जुळणी चालू आहे. बीडहून माणूस निघालाय."

"सगळ्यांवर एकदमच शोधतंय?"

"हो साहेब."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, पेनाचं टोपण लावलं. "सापडलं की कळवा," म्हणाले. "पुढच्या वर्षी अर्ज करा." त्यांनी आवाज चढवला असता तर मी भांडलो असतो. ते चांगले बोलले, चहाही घेतला, आणि गेले. मी त्यांना सोडायला खाली गेलो नाही.

हॉलमध्ये मुली अजून तशाच बसल्या होत्या. कुणी उठावं हे कुणाला कळत नव्हतं. ती धीट मुलगी, जी हार्डवेअर हरवलं का म्हणून विचारत होती, तिने खालमानेने विचारलं, "सर, मग आता बीडलाच का?" तिने ओढणी सावरली, पिशवी उचलली आणि जीपसाठी निघून गेली. धावत नाही, सावकाश. तिच्या घरी बीडचं नाव काढलं तरी विषय संपतो, हे ती मला क्लासला आली त्या दिवशीच सांगून बसली होती.

हॉल रिकामा झाल्यावर बायको स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली आणि पहिल्या डब्यासमोर मांडी घालून बसली.

"सील," मी म्हणालो.

"आता कशाची गॅरंटी जपता?" ती म्हणाली, आणि नखाने शिक्का खरवडून काढला.

आत धूळ होती, तारा होत्या, आणि पांढऱ्या खाचेत उभं केलेलं ते टीव्हीचं कार्ड. "आपण जादाचं काय घेतलं? हेच ना?" तिने एक स्क्रू काढला, कार्ड दोन बोटांनी उपटलं आणि माझ्या हातात दिलं. डबा उघडाच ठेवून मशीन चालू केलं. भाषा, कीबोर्ड, नाव. हार्डवेअर शोधत आहे. पट्टी सरकली, नेहमीच्या जागेपाशी आली, आणि न थांबता पुढे गेली. मी उभ्याने बघत होतो. मला आनंद झाला नाही. एवढंच होतं. एक स्क्रू.

त्या दुपारी आम्ही दोघांनी सगळे डबे उघडले, सगळी कार्डं काढली, आणि सगळी मशीनं एकामागून एक चालू झाली. साहेबांची गाडी तोवर अंबाजोगाईच्या रस्त्याला लागली असेल.

भाच्याने फोनवर उलगडून सांगितलं. दुकानातल्या विंडोजमध्ये त्या कार्डाचं सॉफ्टवेअर टाकलेलंच नव्हतं. तिला ते कार्ड म्हणजे कोण हे माहीत नव्हतं, तिने त्याला विचारलंच नाही, म्हणून तिचं सुरळीत चालायचं. लिनक्स मात्र आत असलेल्या प्रत्येकाला स्वतःहून हाक मारून विचारतं, तू कोण. कार्ड जळकं होतं. हाक मारली की ते ना उत्तर द्यायचं ना वाट सोडायचं, आणि मागची सगळी रांग खोळंबायची.

"पण मामा," तो म्हणाला, "टायपिंगच्या क्लासात टीव्हीचं कार्ड कावून घेतलं तुम्ही?" पुण्यात राहूनही त्याला असल्या वेळी केज आठवतं.

मी फोन ठेवला. कावून? का म्हणजे काय? सौद्यावर वरचं घेतात म्हणून घेतलं. त्यात माझं काय चुकलं? वरचं कोकरू लंगडं असतं हे घेणाऱ्याला माहीत असतं, आणि त्याची तक्रार आजवर कुणी केलेली नाही. पण लाळ गळणारं, आजारी कोकरू वर म्हणून कुणी देत नाही. कितीही वाकडा धनगर असो, देत नाही. कारण ते घेणाऱ्याच्या कळपात जाऊन सगळा कळप बसवतं. हा नियम कुठे लिहिलेला नाही. लिहावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने बीडला गेलो. सगळी कार्डं पिशवीत. दुकानात गिऱ्हाइकं होती, कोर्टाच्या आवारात टायपिंगचं काम करणारे दोघे, आणि एक बाई मुलीसाठी कॉम्प्युटर बघायला आलेली. मी पिशवी काउंटरवर उपडी केली.

"या सर. चहा सांगू?"

"चहा ऱ्हाऊ दे. ही तुझी कार्डं."

त्याने एक कार्ड उचलून उलटसुलट केलं, जणू जन्मात पहिल्यांदा बघत होता. "ही तर फुकट दिलती. फुकटच्या वस्तूची कसली गॅरंटी?"

"याच्यामुळं सगळी मशीनं अडकली. तपासणी गेली माझी. केंद्र गेलं."

"कोण म्हणतं याच्यामुळं?"

"काढल्यावर चालली."

"काढली म्हणजे?" तो खुर्चीत पुढे सरकला. डोळ्यांत चमक आली. मला ती चमक ओळखता येते, मी स्वतः ती बाळगून आहे. "सील तोडलं का काय तुमी? सर, सील तोडलं असंल तर मग मी काहीच करू शकत न्हाई. मी फोनवर सांगितलतं. तोडू नका म्हणलतं."

"आणि माणूस पाठवतो म्हणलतास. कुठंय माणूस?"

"पाठवणारच होतो."

कोर्टवाल्यांपैकी एकजण हसला. मी स्वतःला आवरलं. आयुष्यात फार कमी वेळा आवरलं आहे. काउंटरवरच्या ढिगातून एक कार्ड उचललं आणि दुकानदाराच्या टेबलावर त्याचं स्वतःचं मशीन होतं, ज्यावर त्याचा सगळा हिशोब, सगळी बिलं होती, त्यावर हात ठेवला.

"ठीक. गॅरंटी सोड. हे कार्ड चांगलं हाय म्हणतोस ना? मग तुझ्या मशीनमध्ये बसव. पेन ड्राइव्ह माझ्या खिशात हाय. इथंच, सगळ्यांच्या समोर लिनक्स चालू करून बघू. अडकलं न्हाई तर मी हात जोडून माफी मागतो आणि केजला जातो."

तो कार्डाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझं चालू मशीन कावून खराब करू?"

मुलीसाठी कॉम्प्युटर बघणाऱ्या बाईने हातातला कीबोर्ड हळूच खाली ठेवला. त्याच्याही लक्षात आलं की तोंडातून काय निघून गेलं. तो गडबडला.

"म्हणजे तसं न्हाई. कार्डं लॉटमधी आलती, एका केबलवाल्याकडनं, वीज पडलती तेच्याकडं. काही चांगली हाईत, काही... मी काय एकेक बघत बसू का?"

"वीज पडलेली कार्डं पोरींच्या मशीनमध्ये घातलीस, काय बे?"

"तुमीच वर मागितलं," तो म्हणाला. "मी काय गळ्यात बांधलं व्हय? असं करा, ऱ्हाऊ द्या ते. प्रत्येक मशीनमागं एक एक कीबोर्ड देतो, नवा, डब्यातला. मिटवून टाका."

मी वरचं कधीच नाकारलेलं नाही. त्या दिवशी नाकारलं. कीबोर्ड घेतले असते तर तो पुढच्या माणसाला सांगायला मोकळा होता की मिटलं, सरांनी भरपाई घेतली, हिशोब पूर्ण. हे मिटलेलं नाही. कार्डं काउंटरवर तशीच टाकून मी बाहेर पडलो. घरी बायको म्हणाली, "कीबोर्ड तरी आणायचे हुते, आपले घासून गेलेत." तिचंही बरोबर आहे. तरी मी आणले नाहीत ते ठीकच केलं.

त्यानंतर ती धीट मुलगी क्लासला आलेली नाही. तिच्या वस्तीवरच्या दुसरीने सांगितलं की घरी म्हणाले, केंद्र न्हाई तर फी कशाला भरायची. आणखी दोघी-तिघी कमी झाल्या. हॉलमध्ये सगळी मशीनं झकास चालतात, सकाळी एका बटनाला सगळी उठतात, मराठीत बोलतात, आणि त्यांच्यासमोरच्या काही खुर्च्या रिकाम्या असतात.

आता दुकानदार म्हणतो की मी त्याची बदनामी करतो. त्याच्याकडे माझं मागणं साधं आहे, आणि त्यात एक रुपयासुद्धा नाही. त्याने केजला यावं. जिना चढून वर यावं आणि ज्या मुलींची परीक्षा गेली त्यांच्यासमोर, त्यांच्या बापांसमोर उभं राहून सांगावं की आपल्या मशीनमध्ये जे कार्ड घालायला हात धजावला नाही ते त्यांच्या मशीनमध्ये का घातलं, आणि फोनवर रोज उद्या उद्या का म्हणाला. नंतर हेच तपासणीच्या साहेबांना स्वतःच्या सहीने लिहून द्यावं, म्हणजे पुढच्या वर्षाची वाट न बघता ते परत येतील का, एवढं तरी मला विचारता येईल. तो येणार नाही म्हणतो. मग बीडमध्ये त्याच्या दुकानाची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाने आधी त्याला एवढंच विचारावं, की केजच्या पोरींचं काय केलंस, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नये.